लेकीची हिशेबाची वही

आम्ही कारकून माणसे. आवक-जावक आणि जमाखर्च यांतच आमचा दिवस जातो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी पदवीच्या शिक्षणासाठी परभणीहून औरंगाबादला निघाली तेव्हा मी तिला फारसा उपदेश केला नाही. दोनशे पानी एक वही तिच्या हाती दिली आणि म्हणालो, "बाळा, रोजचा खर्च रोज रात्री लिहायचा. तारीख, तपशील, रुपये. तीनच रकाने. मला दाखवायला नाही, तुझं तुला कळावं म्हणून."

गेल्या हिवाळ्यात तिला भेटायला गेलो तेव्हा ती वही प्रथमच माझ्या हाती आली. पाहतो तो तीन रकान्यांचे चार झालेले! चौथ्या रकान्यावर तिने 'शेरा' असे लिहिले होते. रिक्षाभाडे, झेरॉक्स, पेन यांच्यापुढे शेरा नव्हता. शेरा होता तो फक्त खाण्याच्या नोंदींपुढे. काय खाल्ले, कोणी केले, त्यात काय काय घातले होते, कोणाबरोबर खाल्ले, हे सारे बारीक अक्षरात लिहिलेले. हिशेब लिहिता लिहिता पोरगी शहराची ओळख करून घेत होती.

ती वही घेऊन आम्ही बापलेक तीन दिवस त्या शहरात हिंडलो. वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली आज शिक्षणासाठी बाहेरगावी आहेत. म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटली.

मायचे गाठोडे

शुक्रवारची किरकोळ रजा टाकली आणि सकाळच्या गाडीत बसलो. निघताना मायने, म्हणजे माझ्या आईने, एक पिशवी हाती दिली. पिशवीत काय काय होते? ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, सुकटाची कोरडी चटणी आणि येसराच्या दोन पुड्या. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेले पीठ. मराठवाड्यातल्या घरांना ते सांगायला नको. घरात भाजी नसली तरी उकळत्या पाण्यात येसर सोडले की कालवण होते आणि चार माणसांची भाकरी निघते.

सेलू गेले, परतूर गेले, जालना आले. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आलेली. खिडकीजवळ बसून मी माझा पहिला प्रवास आठवत होतो. 1996 साली याच मार्गाने मी औरंगाबादला बी.कॉम. करायला गेलो होतो. तेव्हाही मायने अशीच पिशवी दिली होती. त्या पिशवीची गोष्ट पुढे येईलच.

शहराचे नाव 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. माझी शिकण्याची वर्षे जुन्या नावाने गेली, त्यामुळे लेखणीला तेच नाव येते. वाचकांनी समजून घ्यावे.

नागसेनवनात

मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना प्रवेश नाही, ते योग्यच आहे. म्हणून आम्ही नागसेनवनात एका झाडाखालच्या कट्ट्यावर बसलो. या परिसराविषयी आपल्या वाचकांना नव्याने काय सांगावे? पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली येथे महाविद्यालय सुरू केले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून पोरे पत्र्याच्या पेट्या घेऊन आली आणि शिकून बाहेर पडली. त्या पोरांपैकीच मी एक.

वहीची पहिली पाने अगदी साधी होती. मेसच्या जेवणापुढे शेरा: 'वरण पातळ. पण काकू शेवटची पोळी तव्यावरची गरम वाढतात आणि कोणी पैसे थकवले तरी ताट परत नेत नाहीत.' टपरीवरच्या पोह्यांपुढे: 'अभ्यासिकेतली मुलं इथं सकाळी एकच प्लेट दोघांत घेतात. स्पर्धा परीक्षेची मुलं ओळखायची असतील तर प्लेटी मोजाव्यात.' भेळभत्त्यापुढे: 'पोट भरतं, पैसे कमी लागतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळे भत्ता खातात.'

हे वाचून मला हसू आले आणि माझे दिवसही आठवले. आमच्या वेळी शिष्यवृत्तीच्या रकमेची वाट पाहत मेसची उधारी चालायची. आता 2016-17 पासून ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही अशा अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 'स्वाधार' योजना आहे. जेवण, निवास आणि निर्वाह यांसाठी तीतून मदत मिळते. पालकांनी तिची माहिती समाजकल्याण कार्यालयातून अवश्य घ्यावी. मात्र योजना असली तरी वीस वर्षांच्या मुलाला परक्या गावात रोज एकच प्रश्न पडतो, आज कुठे जेवायचे आणि कोणाबरोबर?

लंडनमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनाही हा प्रश्न पडला होता. अपुऱ्या जेवणावर दिवसभर ग्रंथालयात बसायचे आणि रात्री भूक असह्य झाली की कोणी दिलेले पापड भाजून खायचे, असे त्यांच्या चरित्रात आले आहे. आपल्या घरांत ही गोष्ट मुलांना सांगतात ती अभ्यास करावा म्हणून. माझ्या मुलीने वहीत ती गोष्ट वेगळ्या कारणाने लिहिली होती. तिने लिहिले होते, 'तो पापड घरचा वास देत असेल.'

पाणचक्की ते शहागंज

शनिवारी सकाळी आम्ही चालत निघालो. नागसेनवनातून खाम नदीच्या बाजूला आले की पाणचक्की लागते. पर्यटक तेथे फोटो काढतात आणि जातात. मीही विद्यार्थिदशेत दहा वेळा गेलो असेन, पण ती चक्की आहे, म्हणजे तेथे पीठ दळले जात होते, हा विचार कधी मनात आला नव्हता. मुलीच्या वहीत मात्र पाणचक्कीची नोंद होती. 'पदार्थ: पीठ. रुपये: तिकीट. शेरा: डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून पाडलं, त्या जोरावर दगड फिरवला आणि दर्ग्यातल्या शिष्यांसाठी, वाटसरूंसाठी, गरिबांसाठी दळण केलं. भुकेची सोय करायला एवढी अक्कल लावली.'

तेथून महमूद दरवाज्यातून पलीकडे गेलो. पुढे भडकल दरवाजा, मलिक अंबरच्या काळातला, 1612 सालचा. तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले आणि जुन्या शहरात शिरलो. सिटी चौक, गुलमंडी, मग शहागंज. गुलमंडीवर इमरती तळणारा माणूस कापडातून कढईत उडदाच्या पिठाची नक्षी काढीत होता. मुलगी म्हणाली, "पप्पा, जिलेबी आणि इमरती यांतला फरक मला इथं कळला. जिलेबी मैद्याची, इमरती उडदाच्या डाळीची." मी तीन वर्षे या शहरात राहून बी.कॉम. झालो, पण मला तो फरक त्या दिवशी कळला!

शहागंजच्या पुढे एका गल्लीत नानची भट्टी होती. औरंगाबादचे नाव घेतले की जाणते लोक नान-कलियाचे नाव घेतात. 1327 साली मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. एवढ्या मोठ्या लष्कराला झटपट जेवू घालण्यासाठी मोठमोठ्या हंड्यांत कलिया आणि तंदुरात नान करीत, तेव्हापासून हा पदार्थ येथे राहिला, असे लोक सांगतात. राजधानी परत गेली. नान राहिले. भट्टीवरचा कारागीर कणकेचा गोळा हातावर थापी, गादीवर पसरी आणि वाकून तंदुराच्या आतल्या भिंतीला चिकटवी. मग लोखंडी सळईने ओढून काढी. वर पिवळसर चकाकी, आत मऊ. लग्नघरचे लोक शेकड्याने नान बांधून नेत होते.

भट्टीच्या चाचांनी मुलीला ओळखले. "आओ बेटी, आज अब्बा को लाई?" असे म्हणून त्यांनी आम्हाला बाकावर बसवले. दोन गरम नान पुढे आले. पैसे देऊ लागलो तर घेईनात. म्हणाले, "ये तो घर की बच्ची है."

ही माझी लेक यांच्या घरची कधी झाली? मी तिच्याकडे पाहिले. तिने वही मिटली आणि म्हणाली, "संध्याकाळी सांगते."

सतरा दिवस

कारकुनाच्या नजरेतून आकडा सुटत नाही. दुपारी मित्राच्या घरी मी वही पुन्हा चाळली. पहिल्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात ओळीने सतरा दिवस असे होते की रुपयांच्या रकान्यात जेवणाचा खर्च नाही. सकाळी खिचडी-खट्टा, आडवी रेघ. रात्री तहरी, आडवी रेघ. त्याच्या आधी तीन दिवस फक्त 'चहा-बिस्कीट' आणि 'केळी'. आणि या सतरा-वीस दिवसांत तिने घरी फोनवर सांगितले होते, "मेस छान आहे, आजीला सांग, काळजी करू नको."

संध्याकाळी कट्ट्यावर बसून मी ते पान तिच्यापुढे धरले. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग तिने सांगितले.

सुरुवातीला तिला वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून आम्ही एका वस्तीत भाड्याची खोली पाहून दिली होती. खोली घेताना भाडे ठरले, अनामत ठरली. खाण्यापिण्याची अट कोणी सांगितली नव्हती. आडनाव मात्र विचारले होते. एके दिवशी मेस बंद होती म्हणून पोरीने खोलीत दोन अंडी उकडली. घरमालकीणबाई दारात आल्या. म्हणाल्या, "आमच्या घरात हे चालत नाही. तुम्हा लोकांना कितीही शिकवलं तरी सवय जात नाही." दुसऱ्या दिवशी खोली सोडायला सांगितली. अनामतीतले निम्मे पैसे परत मिळाले.

तीन दिवस ती एकीच्या खोलीवर चोरून राहिली. चौथ्या दिवशी वर्गातल्या एका मैत्रिणीने विचारले, "तू डबा का आणत नाहीस?" आणि खरे कळल्यावर ती हिला आपल्या घरी घेऊन गेली. भट्टीचे चाचा हे त्या मैत्रिणीचे वडील. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत, म्हणजे सतरा दिवस, माझी मुलगी त्या घरात जेवली आणि झोपली.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"तुम्ही तंटा कराल, मला परत न्याल, असं वाटलं. आणि..." ती थांबली. "अंडी उकडली म्हणून घालवलं हे आजीला सांगायचं कसं? तिनं काय काय खाऊन तुम्हाला वाढवलं."

वाचक बंधु-भगिनींनो, मी वीस वर्षे समाजाचे काम करतो. जयंतीच्या सभेत बोलतो, दुसऱ्यांच्या मुलांना वसतिगृहात जागा मिळावी म्हणून अर्ज लिहून देतो. आणि माझीच मुलगी तीन दिवस केळ्यावर राहिली ते मला दीड वर्षाने हिशेबाच्या वहीतून कळले. ही चूक तिची नाही. मुलाने घरी फोन करताना काय लपवावे लागते, हे आपण बापमाणसे विचारीतच नाही. मार्क किती पडले ते विचारतो.

खिचडी-खट्टा

रविवारी सकाळी मी म्हणालो, "मला त्या घरी ने." मायची पिशवी बरोबर घेतली.

दोन खोल्यांचे घर. मैत्रिणीच्या आईने आम्हाला चटईवर बसवले आणि ताटे मांडली. पिवळी खिचडी, भाजलेला पापड आणि वाटीत खट्टा. भाजलेले तीळ आणि शेंगदाणे वाटायचे, त्यात चिंचेचा कोळ, कांदा, कोथिंबीर, मिरची. चुलीवर ठेवायचे नाही, तसेच खिचडीवर ओतायचे. हैदराबादेत सकाळी हेच खातात. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ते राज्य गेले, पण सकाळची खिचडी दोन्हीकडच्या घरांत राहिली.

मी येसराची पुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वास घेतला. "ये क्या है भाई? मसाला है के आटा?" मुलीने सगळे समजावून सांगितले. आजी धान्य कसे भाजते, पाण्यात गुठळी होऊ न देता कसे सोडायचे, वर लसणाची फोडणी कशी द्यायची. त्या माउलीने लगेच पातेले चढवले. येसर उकळले तसा घरभर वास सुटला. भट्टीवरून जेवायला आलेल्या चाचांनी नान मोडून येसरात बुडवले आणि म्हणाले, "कलिये की बहन है!" सगळे हसले.

आभार कसे मानावेत ते मला सुचेना. मी एवढेच म्हणालो, "भाभी, तुम्ही माझ्या मुलीला उपाशी ठेवलं नाही." त्या म्हणाल्या, "बच्ची थी. भूकी थी. और क्या पूछना?"

भगवान बुद्धांच्या चरित्रातल्या दोन जेवणांची मला त्या घरात आठवण झाली. संबोधीपूर्वीची सुजाताची खीर आपण प्रत्येक वैशाख पौर्णिमेला आठवतो. शेवटचे भोजन चुंद नावाच्या लोहाराच्या घरचे होते. त्यानंतर भगवंतांची प्रकृती बिघडली, तेव्हा त्यांनी आनंदाला बजावले की चुंदाला कोणी दोष देऊ नये. ज्याने प्रेमाने वाढले त्याच्या मनाला लागू नये, ही केवढी काळजी! भिक्खूच्या पात्रात पडणारा घास कोणत्या घरचा, हे विचारायचे नसते. आमच्या मुलीला मात्र खोलीसाठी आडनाव आणि ताटासाठी जात सांगावी लागते.

नसलेली नोंद

दुपारी जाफर गेटच्या आठवडी बाजारात गेलो. मुलगी तेथल्या भाजीवाल्या बायांशी आजीच्या भाषेत बोलत होती. पाथरी, तांदुळजा, घोळ, अंबाडी यांची नावे तिने वहीत लिहिली होती. सुकट-बोंबलाच्या ढिगापाशी ती थांबली नाही. तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. या चारशे-पाचशे नोंदींत मेस आहे, टपरी आहे, इमरती आहे, नान-कलिया आहे, खिचडी-खट्टा आहे. पण दर महिन्याला घरून जाणाऱ्या पिशवीची एकही नोंद नाही. येसर नाही, सुकट नाही, आजीची वजडी नाही.

"घरून आलेल्याला पैसे पडत नाहीत म्हणून लिहिलं नाहीस का?" मी विचारले.

"खिचडी-खट्ट्यालाही पैसे पडले नव्हते, ते लिहिलं ना," ती म्हणाली. "वही मैत्रिणी बघतात, पप्पा. नान-कलिया लिहिलं की सगळ्या म्हणतात, आम्हालाही ने. सुकट लिहिलं तर काय म्हणतील?"

तेव्हा मी तिला 1996 सालच्या पिशवीची गोष्ट सांगितली. आजवर ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

त्या पिशवीत मायने चान्या दिल्या होत्या. नव्या पिढीला हा शब्द ठाऊक नसेल. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर कडक उन्हात वाळवायच्या आणि मडक्यात भरून ठेवायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसे तेव्हा निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात टाकून त्या कामी येत. मायने बाजारातून मांस आणून, आठ दिवस कावळ्या-कुत्र्यांपासून राखण करून त्या वाळवल्या होत्या. मी पिशवी उघडली तेव्हा खोलीत आपलेच दोन मोठे विद्यार्थी बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "अरे, बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितलं. तू अजून हेच खातोस?" मी लाजेने काळाठिक्कर पडलो. रात्री उठून सगळ्या चान्या नाल्यात टाकून आलो. सुट्टीत मायने विचारले, "पुरल्या का रे लेकरा?" मी म्हणालो, "हो, सगळ्यांना आवडल्या."

मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण ते म्हणाले ते खरं होतं का?"

अर्धे खरे होते. 19 आणि 20 मार्च 1927 च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, असे बजावून सांगितले. मेलेले ढोर ओढायची सक्ती, त्याचे मांस हाच मोबदला आणि तेच खाल्ले म्हणून पुन्हा अस्पृश्य, हे चक्र त्यांना मोडायचे होते. आपल्या लोकांनी ते मोडले. उपाशी राहिले, पण मोडले. ती अभिमानाचीच गोष्ट आहे. पण विकत आणलेले मांस आणि मेलेले ढोर यांत फरक आहे, आणि भुकेच्या दिवसांत एका बाईने लेकरांसाठी वाळवून ठेवलेला घास ही लाजेची वस्तू नव्हे, हे त्या वयात मला कोणी समजावून सांगितले नाही. मीही विचारले नाही.

मुलगी म्हणाली, "ग्रंथालयात एक पुस्तक आहे, शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरचं जेवण त्यात लिहिलंय. मी वाचलं, पण खोलीवर नेलं नाही." ते पुस्तक 2015 साली निघाले आणि 2024 मध्ये इंग्रजीतही गेले. त्याच 2015 साली राज्यात गायीबरोबर वळू आणि बैल यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हणजे मायच्या त्या चान्या आता होणे नाही. त्या कशा करीत, कशासाठी करीत, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे त्या बाया सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत.

मायचा शेरा

रविवारी रात्रीच्या गाडीने मी निघालो. पुढच्या शनिवारी मुलगीही चार दिवसांसाठी परभणीला आली. येताना तिने नवी वही आणली होती. आजीजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, सांग. बहात्तरच्या दुष्काळात काय खाल्लं?"

माय आधी उडवून लावीत होती. "त्यात काय लिव्हायचं बाई? गरिबीचं काय लिव्हतात व्हय?" पण एकदा सुरुवात झाली तशी ती दोन तास बोलली. 1972 च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती आणि खडी फोडायच्या कामावर जात होती. कामावर सुकडी मिळायची. ती स्वतः अर्धी खाऊन अर्धी पदरात बांधून धाकट्या भावाला आणायची. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती, तिची भाकरी थापताना तुटायची. तुटू नये म्हणून ती पिठाला उकळत्या पाण्याची उकड घ्यायची. रानात तरोटा उगवला की त्याची कोवळी पाने आणायची. मुलगी विचारीत होती, लिहीत होती. सुकट कसे भाजायचे, वजडी कशी साफ करायची, येसरात काय किती घालायचे. माय मापे सांगेना. "हाताला कळतं," म्हणे. मग मुलीने तिच्या मुठी मोजल्या आणि वहीत 'मुठी' लिहिल्या.

शेवटी चान्यांची पाळी आली. माय सांगू लागली आणि मला राहवले नाही. मी म्हणालो, "माय, शहाण्णव साली तू दिल्या होत्यास ना, त्या मी खाल्ल्या नाहीत. नाल्यात टाकल्या."

माय थोडी थांबली. मग म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. तू पिशवी धुऊन आणली व्हतीस. तू कवा काय धुतलंस रे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे ते तिने मनात ठेवले होते आणि तरी दर खेपेला पिशवी भरून देत राहिली होती. फक्त चान्या पुन्हा कधी दिल्या नाहीत, हे माझ्या त्या दिवशी ध्यानात आले.

मुलीने ते सगळे लिहून घेतले. तारीख, तपशील आणि शेरा. रुपयांचा रकाना या वहीत तिने आखलेलाच नाही. आता नागसेनवनातल्या तिच्या खोलीत ही वही उघड्यावर असते आणि मैत्रिणीही आपापल्या आज्यांचे पदार्थ तीत लिहून देत आहेत, असे तिने परवा फोनवर सांगितले. आम्हीही आता फोनवर आधी "जेवलीस का, कुठे जेवलीस, कोणाबरोबर?" असे विचारतो. मार्कांचे नंतर.

वाचकहो, आपली मुले सुट्टीत घरी येतील तेव्हा त्यांना आजीजवळ बसवा. आपण काय सोडले आणि का सोडले, हेही सांगा. काय खाऊन जगलो, तेही सांगा. जेथे मुले शिकतात त्या गावातले त्यांचे ताट एकदा जाऊन पाहा आणि ज्यांनी त्यांना अडीअडचणीला जेवू घातले त्यांच्या घरी जाऊन या, हात रिकामे नेऊ नका. दोनशे पानी वही पन्नासएक रुपयांना मिळते. तेवढा खर्च करण्यासारखा आहे.

जयभीम.